मोजपट्टीतलं रक्त

१

कुप्या जागच्या जागी होत्या. कुलूप शाबूत, लेबलं शाबूत, त्यांवर साचलेला बर्फसुद्धा शाबूत. आतलं रक्त तेवढं दुसऱ्याच कोणाचं तरी होतं.

असली चोरी कधी ऐकली आहे का? चोराने काही नेलं नव्हतं, उलट स्वतःचं रक्त ठेवून गेला होता. आणि तेही कुठे, तर सांध्यांच्या रोग्यांचं रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, जिथे हातमोज्याशिवाय हात घातला तर कातडी डब्याला चिकटून बसते.

त्या कुप्यांना तिथे सगळे 'मोजपट्टी' म्हणत. रोज सकाळी रोग्यांचे नमुने यंत्रात घालण्याआधी मोजपट्टीची एक कुपी वितळवायची, तिचा आकडा काढायचा आणि बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे. हे रक्त एका जुन्या दारवानाचं होतं. धट्टाकट्टा माणूस. त्याने हौसेने भरपूर रक्त दिलं, मग तो निवृत्त झाला, मग वारला. माणूस गेला, पण रक्त अजून ड्यूटीवर होतं.

दोन महिन्यांपूर्वी मोजपट्टीचा नवा खोका उघडला आणि सगळं बिनसलं. रोगी होते तसेच होते, पण या मोजपट्टीपुढे सगळे जास्तच आजारी दिसायला लागले. डॉक्टरांनी औषधं वाढवली. एका आजींना ती सोसली नाहीत, त्या मरता मरता वाचल्या. मग बोंबाबोंब झाली, निकाल मागे घेतले गेले, यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तपासणीसाठी त्याला सील ठोकलं, आणि प्रमुख मॅडमनी एका माणसाकडे बोट दाखवलं.

तो माणूस म्हणजे तिथला धाकटा केमिस्ट. खोका त्यानेच उघडला होता. सोमवारी त्याला काढून टाकायचं ठरलं, आणि मोजपट्टी बदलणारा म्हणून एकदा शिक्का बसला की दुसरी कुठलीही प्रयोगशाळा त्याला दारात उभं करणार नव्हती. काढण्याआधी बाहेरच्या एका जाणकाराने कागद बघावेत असा नियम होता. म्हणून शुक्रवारी सकाळी साखरकाका आले.

२

साखरकाका म्हणजे सत्तरीचा किडकिडीत माणूस. सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली, आणि ती बायको गेल्यापासून तुटलेलीच. उभा जन्म त्यांनी एका साखरेच्या मागे घालवला आणि म्हातारपणी डॉक्टरांनी त्यांची चहातली साखर बंद केली. "जन्मभर जिची चाकरी केली तिनेच घराबाहेर काढलं," असं ते सांगत आणि स्वतःच हसत. बऱ्याचदा हसायला दुसरं कोणी नसे.

मॅडम एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. आता साठीला टेकल्या होत्या, पण काकांसमोर अजून खुर्चीत नीट मागे टेकून बसत नव्हत्या.

"काका, प्रकरण सरळ आहे. तुम्ही सही करा आणि दोन दिवस आराम करा."

"सही करतो की. आधी सांग तरी."

आता साखर म्हणजे कुठली, ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे घोटाळा व्हायचा. रोगजंतूंशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं त्या अँटिबॉडीज. त्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. वर दोन हात, खाली बुंधा. त्या बुंध्यात दोन्ही बाजूंना साखरेची एकेक छोटी साखळी अडकवलेली असते. साखळीला पुढे दोन फांद्या फुटतात, आणि फांदीच्या टोकाला गॅलॅक्टोज नावाची साखर बसते किंवा बसत नाही. सगळी मेख तिथेच आहे. तरुणपणी बरीच टोकं भरलेली असतात. वय वाढतं तशी ती बोडकी होत जातात. सांध्यांच्या आजारात तर फारच बोडकी. या प्रयोगशाळेचं काम एवढंच, रोग्याची किती टोकं बोडकी झालीत ते मोजायचं.

मॅडमनी दोन आलेख पुढे सरकवले. "हा दारवानाचा, पन्नाशीतल्या माणसाचा. टोकं बरीच रिकामी. आणि हा नव्या खोक्यातला. बघा, भरगच्च. म्हणजे तरुण माणूस."

"बरं."

"दुसरं, रक्तगट. दारवान ओ गटाचा. नव्या खोक्यातलं सीरम मी ए आणि बी, दोन्ही पेशींवर घालून बघितलं. गुठळी नाही. म्हणजे हे रक्त एबी गटाचं." मॅडमनी गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून दाखवलं. मागे रक्तगट छापलेला होता. "इथे एबी दोघंच. धाकटा आणि आमच्या ताई, त्याच्या वरच्या केमिस्ट. ताई चव्वेचाळीस वर्षांच्या. त्या वयात बायकांची साखर कशी घसरते ते तुम्हीच मला शिकवलंत. मग राहिलं कोण?"

"पण त्याने असं करावं कशाला?"

"हातून खोका वितळला असेल. झाकायला स्वतःचं भरलं."

"त्याचं रक्त यंत्रात घालून बघितलंस?"

"यंत्राला सील आहे काका. महिनाभर तरी."

काकांनी दुसरा आलेख डोळ्यांजवळ नेला. टोकं भरलेली होतीच. पण भरलेल्या टोकांच्याही पुढे आणखी एक साखर बसलेली दिसत होती, सायालिक ॲसिड, आणि तीही भरपूर. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. विशीतली पोरं, खेळाडू, पोरीबाळी, हजारो जणांच्या फांद्या त्यांनी पाहिल्या होत्या. इतकी लदलेली फांदी तरुणांत कधी दिसली नव्हती.

"सही सोमवारी करतो," ते म्हणाले.

३

धाकटा केमिस्ट कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. आजूबाजूची टेबलं भरलेली, त्याच्या टेबलावरच्या तीन खुर्च्या रिकाम्या. काका जाऊन बसले तेव्हा तो दचकलाच.

"मला कशाला विचारता? ठरलंय ना सगळं?"

"मला बिनसाखरेचा चहा एकट्याने जात नाही. म्हणून आलो."

त्याच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच विरलं. "काका, मी खोका काढला, हे खरं. जुना संपला म्हणून काढला. त्या दिवशी ताई रजेवर होत्या, त्यांनी आधी लावून ठेवलेले वरचे खोके मीच संपवले होते. हा अगदी तळाशी होता."

"तळाशी?"

"हो. बाकीच्या खोक्यांच्या रांगेत नव्हताच, एकटाच खाली सारलेला. पण लेबल मोजपट्टीचंच होतं. मी घेतला." तो थोडा वेळ कपाकडे बघत राहिला. "घरी अजून सांगितलं नाही. वडील रोज फोनवर विचारतात, काम कसं चाललंय. मी म्हणतो, झकास."

काकांनी त्याला त्या खोक्यातली एक वापरून रिकामी झालेली कुपी दाखवली. "तू लेबल कसं चिकटवतोस?"

"गोल. कुपीभोवती गुंडाळून. आमच्या वयाचे सगळे तसंच चिकटवतात."

या कुपीवरचं लेबल मात्र उभं होतं, वरून खाली. असं चिकटवलं की कुपी न उचलता, खोक्यात तिरकी करूनच वाचता येते. काकांना ही सवय ठाऊक होती. त्यांच्या पिढीत सगळे असंच करायचे, आणि त्यांच्या पिढीकडून शिकलेले.

फ्रीजर सांभाळणारे मामा तळघरात भेटले. कानात कापसाचे बोळे, कारण यंत्रांची घरघर दिवसभर चालूच. काकांनी ओरडून विचारलं, "हा फ्रीजर कधी उघडा राहिला होता का?"

"कोणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही," मामाही ओरडले. "मागच्या हिवाळ्यात एकदा. शिट्टी वाजायला लागली म्हणून धावत आलो, तर झाकण सताड उघडं आणि ताई खाली स्टुलावर, डोकं गुडघ्यांत घालून. मी पाणी दिलं. म्हणाल्या, सकाळपासून उपाशी आहे, भोवळ आली. आणि म्हणाल्या, मामा, कोणाला सांगू नका, उगाच बभ्रा नको."

"मग?"

"मग काय? बाईमाणूस, एकटी राहते. नाही सांगितलं."

काका जिना चढताना मध्येच थांबले. खोका ताईंच्या हातून वितळला, लेबलं ताईंसारख्या जुन्या माणसांच्या पद्धतीची, रक्तगट ताईंचा. सगळं ताईंकडे बोट दाखवत होतं आणि साखर एकटी म्हणत होती, शक्यच नाही.

४

रक्त काढणाऱ्या सिस्टर म्हणजे तोंडाचा पट्टा. सुई टोचतानाही बोलत, सुई काढतानाही बोलत.

"रक्त? अहो, इथे सगळेच देतात. यंत्राला चाचणी हवी, द्या रक्त. नवीन रसायन आलं, द्या रक्त. धाकट्याने दिलंय, ताईंनी दिलंय, मॅडमसुद्धा देतात. हिवाळ्यात ताईंनी दोनतीनदा दिलं, तेव्हा मीच रागावले. म्हटलं, चेहरा बघा आरशात, भुतासारखा दिसतोय."

"आजारी होत्या का?"

"नंतर रजेवर होत्या ना, पंधरवडाभर. पोटाचं कसलंसं ऑपरेशन. बहुतेक खडा. परत आल्यावर मी विचारणार होते, पण तेव्हा इतकी गर्दी होती..." सिस्टर पहिल्यांदाच थांबल्या. "राहूनच गेलं बघा."

ताई वरच्या खोलीत काचेची भांडी पुसत होत्या. यंत्र बंद, नमुने बंद, तरी पुसत होत्या. घट्ट अंबाडा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काकांना बघून त्या उठल्या.

"बसा हो, बसा. घरी कोण कोण असतं?"

"मीच. हे जहाजावर इंजिनियर आहेत. वर्षातून दोनदा येतात."

"म्हणजे माझ्यासारखंच. फक्त माझी येत नाही."

ताई ओशाळवाणं हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या मुलाला खरंच काढणार?"

"सोमवारी."

हातातली नळी त्यांनी पुन्हा पुसायला घेतली. ती आधीच पुसून झाली होती. भोवळ, भुतासारखा चेहरा, पोटाचं ऑपरेशन, काकांनी मनात एकापुढे एक मांडलं. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी लदलेली फांदी आपण पाहिली आहे. तरुणांत नाही. एकाच अवस्थेतल्या माणसांत, आणि ती अवस्था कधीच पुरुषाची नसते.

५

शनिवारी दुपारी काका कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. पुढे दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांचे भाव वाचून काढले.

"काय देऊ आजोबा?"

"गरोदरपण तपासायची पट्टी."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "सुनेला हवी का?"

"सून नाही."

"मग लेकीला?"

"लेक नाही. अहो, द्या ना तुम्ही!"

दुकानदाराने पट्टी कागदात गुंडाळून दिली आणि काका पायरी उतरेपर्यंत बघत राहिला.

सुट्टीमुळे प्रयोगशाळा ओस होती. काकांनी एक कुपी रुमालात गुंडाळून, तळहातात धरून वितळवली. लघवीवर चालते तशी ही पट्टी सीरमवरही चालते, आणि गर्भारपणाची खूण गोठलेल्या रक्तातही टिकून राहते. त्यांनी थेंब टाकले आणि स्टुलावर बसले.

त्यांच्या घरात अशा पट्ट्या पुष्कळ आल्या होत्या. त्या काळी नवीनच निघालेल्या, महाग. बायको बाथरूमच्या दारात उभी राहून पट्टी उजेडाकडे धरायची आणि मग काही न बोलता केरात टाकायची. नेहमी एकच रेघ. पुढे पुढे काकाच म्हणाले, पुरे आता. ती बरं म्हणाली. त्या दिवसानंतर घरात तो विषयच निघाला नाही, आणि आपण पुरे म्हणालो ते तिला हवं होतं की नको, हे विचारायचंही राहून गेलं.

टेबलावरच्या पट्टीवर एक रेघ उमटली. मग तिच्याशेजारी हळूहळू दुसरी.

दोन रेघा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. रिकाम्या खोलीत, परक्या बाईच्या रक्तात. आपल्याला आनंद झालाय की वाईट वाटतंय हे त्यांना कळेना. मग मात्र त्यांच्यातला केमिस्ट जागा झाला आणि त्याने साधा प्रश्न विचारला. हिवाळ्यात ही बाई गरोदर होती. मग मूल कुठे आहे?

६

रविवारी सकाळी ताईंनी दार उघडलं आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून न विचारता आत घेतलं. दोन खोल्या, टापटीप. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या, एक सोडून बाकी सगळ्यांवर कपड्यांच्या घड्या. काकांसाठी त्यांनी एक खुर्ची रिकामी केली.

"मला वाटलंच होतं, तुम्हाला कळणार," त्या म्हणाल्या. "मॅडमना नाही कळलं. त्या माझं वय बघून थांबल्या."

"सगळं सांगा. घाई नाही."

ताईंनी सांगितलं. भोवळ आली, झाकण उघडं राहिलं, वरच्या कप्प्यातला मोजपट्टीचा खोका वितळून खराब झाला. इतक्या वर्षांत एक चूक नाही, आणि ही अशी. लाजेने मेल्यासारखं झालं. "मी विचार केला, दारवानाचं वय आणि माझं वय फार लांब नाही. साखरही आसपासच असेल. गट कोण बघायला जातंय? म्हणून स्वतःचं भरलं. यंत्रात घालून बघायला हवं होतं, पण मग उगाच चौकशी झाली असती. मी चुकून तरुण माणसाचं रक्त घेऊ नये म्हणून माझं घेतलं हो! हसा तुम्ही."

काका हसले नाहीत. "तुम्हाला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार? पाळी थांबली, तर वाटलं, आता जायचंच वय आहे. भोवळ आली, वाटलं, त्यातलंच. पाचव्या महिन्यात इथे, या ओट्याशी पडले. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, बाई, तुम्हाला दिवस आहेत. मी वेड्यासारखी हसले. आणि तासाभराने सांगितलं, गेला. मुलगा होता."

"यजमानांना?"

"फोन आला होता. खरखर, अर्धे शब्द तुटत होते. विचारलं, कशी आहेस. होता हेच सांगितलेलं नाही, तर गेला हे कसं सांगू? म्हटलं, बरी आहे."

खिडकीबाहेर शेजारच्या घरातली पोरं भांडत होती. ताईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"परत कामावर गेले तेव्हाच कळलं होतं मला, त्या कुप्यांत काय आहे ते. खोका काढून टाकायलाही गेले होते. हातात घेतला आणि परत ठेवला. तळाशी, कोणाच्या हाती लागणार नाही असा. माझ्याकडे त्याचं काहीच नाही काका. फोटो नाही, अंगडं नाही. तो होता, हे फक्त त्या रक्ताला माहीत आहे. एकेका फांदीवर लिहिल्यासारखं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मग पुढे पुन्हा एकदा मी रजेवर असताना त्या मुलाने तो काढला. त्या आजी... त्या वाचल्या नसत्या तर? रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. आणि दारातून आत गेलं की जीभ टाळ्याला चिकटते."

"उद्या सांगाल?"

"तुम्ही माझं नाव घ्या. पण कारण सांगू नका. चहाच्या कपाबरोबर सगळीकडे फिरेल ते. मला नाही सोसणार."

"कारणाशिवाय कोणी मानणार नाही. ती साखर तुमच्या वयाची नाही, तो मुलगा सुटणार नाही." काका उठले. "पण ते कारण तुमचं आहे. तुमच्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून निघणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

ताईंनी मान हलवली. हो की नाही, ते काकांना कळलं नाही.

७

सोमवारी मॅडमच्या खोलीत काकांसमोर पाच जण जमले. मॅडम, सिस्टर, मामा, दाराशी उभा धाकटा आणि खिडकीजवळ ताई. काका उभे राहिले.

"मॅडम, रक्त याचं नाही. लेबलं जुन्या पद्धतीने उभी लावलेली आहेत, हा गोल लावतो. खोका मुद्दाम तळाशी ठेवला होता. ज्याने लपवला तोच तो काढून यंत्रात कशाला घालेल? आणि ही साखर तरुण पोराच्या साखरेपेक्षाही जास्त आहे."

"म्हणजे ताई?" मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या अँटिबॉडीवर इतकं गॅलॅक्टोज? तुम्हीच सांगा, असं होऊ शकतं का? लेबलं काय, कोणीही उभी लावेल. मला साखरेचं उत्तर द्या."

उत्तर काकांच्या जिभेवर होतं. धाकटा त्यांच्याकडे बघत होता, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसा. काकांनी टेबलावरचे कागद नीट केले, पुन्हा नीट केले.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि पेन उचललं.

"मी गरोदर होते," ताई म्हणाल्या.

आवाज अगदी कोरडा होता, रोजचे आकडे वाचून दाखवतात तसा. "हिवाळ्यात. रक्त माझं आहे. खोका माझ्या हातून वितळला, भरला मी, लपवला मी. तेव्हा चौथा महिना होता, मला माहीत नव्हतं. पाचव्यात गेला. या मुलाचा काही संबंध नाही."

मॅडमच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांनी आलेख ओढून घेतला आणि बघितला. लदलेली टोकं, त्यांच्यापुढची साखर. शिकलेल्या होत्या त्या, आता सगळं धडाधड वाचता येत होतं. "पंधरवडाभर रजा," त्या पुटपुटल्या. "मी अर्जावर सही केली होती गं. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही."

कोणीच विचारलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर मोजणारी ही माणसं, आणि शेजारच्या स्टुलावरची बाई रिकामी होऊन परत आली तर एकानेही मान वर करून बघितलं नव्हतं. राग येतो हो सांगताना. सिस्टरच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्यांना चक्क शब्द सापडत नव्हता.

धाकटा पुढे आला. "ताई, इतके दिवस मला कोणी चहाला हाक मारली नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"हो," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडे बघवत नव्हतं."

तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण ओठ चावून बाहेर निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि ताईंनीही मागितलं नाही. मॅडमनी त्याच्या बडतर्फीचा कागद फाडला. ताईंची चौकशी होणार, नोकरी बहुधा जाणार, हे त्यांना सांगावंच लागलं. ताईंनी ऐकून घेतलं.

"आणि कुप्या नष्ट कराव्या लागतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "मामांना सांगते."

"नको. मी करते."

८

वापरलेलं रक्त निकामी करायची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. एक लोखंडी वाफेचं यंत्र, एक बाक, वर एक झरोका. ताईंनी खोका आणला तेव्हा काका दाराशीच होते.

"तुमची गाडी चुकेल," ताई म्हणाल्या.

"घरी वाट बघणारं कोणी नाही. चुकू दे."

ताईंनी कुप्या जाळीच्या टोपलीत ठेवायला घेतल्या. एकदम ओतल्या नाहीत, एकेक ठेवली. बर्फ वितळून त्यांची बोटं ओली झाली. शेवटची कुपी त्यांनी मुठीत धरली, आणि काकांना वाटलं, आता ही बाई ती पदराखाली घालणार, आणि आपण बघितलं नाही असं करणार. पण त्यांनी तीही ठेवली. दार लावलं, चाक फिरवून घट्ट केलं आणि बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं.

दोघं बाकावर बसली.

"आज ह्यांना सांगेन," ताई म्हणाल्या. "खरखर असली तरी सांगेन."

"सांगा. अर्धे शब्द तुटले तर पुन्हा सांगा."

यंत्राच्या बाजूने वाफेची एक बारीक रेघ निघाली. काकांनी घसा खाकरला. विचारावं की विचारू नये, याचा त्यांनी काल रात्रीपासून विचार केला होता, आणि न विचारता राहून गेलेल्या गोष्टी त्यांच्याकडे आधीच पुष्कळ होत्या.

"नाव काय ठेवलं होतंत?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. हॉस्पिटलमधून रिक्षाने एकटी परत येताना ठेवलेलं नाव, आजवर एकदाही मोठ्याने न घेतलेलं.

काकांनी ते नाव त्यांच्या मागोमाग घेतलं, सावकाश, पलीकडच्या खोलीतून एखाद्या मुलाला हाक मारावी तसं. ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर रडल्या. यंत्र थांबेपर्यंत काका त्यांच्या शेजारी बसून होते.